आयोना बेटाची सहल: तयारीपासून परतीच्या बोटीपर्यंत

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला मल नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य टोकासमोर, साधारण दीड किलोमीटर पाण्यापलीकडे, आयोना. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर, वस्ती दोनशेच्या आत. इ.स. ५६३ मध्ये आयर्लंडहून कोलंबा हा धर्मगुरू बारा साथीदारांसह इथे उतरला आणि त्याने मठ उभारला. याच मठातला एडन ६३५ मध्ये उत्तर इंग्लंडला गेला आणि त्याने लिंडिसफार्नचा मठ स्थापला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेलं 'बुक ऑफ केल्स' हे सचित्र हस्तलिखित इ.स. ८००च्या सुमारास, बहुधा इथल्याच भिक्षूंनी तयार केलं असं मानतात. एवढ्याशा जमिनीला एवढा इतिहास आहे. तो नीट बघायचा तर घाई चालत नाही.

आणि लोक नेमकी घाईच करतात. नकाशावर ग्लासगो जवळ दिसतं, म्हणून "सकाळी निघू, रात्री परत येऊ" असा बेत ठरतो. प्रत्यक्षात ग्लासगोहून आयोना म्हणजे ट्रेन, बोट, बस आणि पुन्हा बोट. ग्लासगोहून एका दिवसात जाऊन येणं जमत नाही. किनाऱ्यावरच्या ओबन या बंदराच्या गावाहून जमतं, पण बेटावर जेमतेम दोन-तीन तास मिळतात, तेही दुपारच्या गर्दीचे. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: बेटावर किमान एक रात्र राहा. दोन मिळाल्या तर फारच चांगलं. खालच्या सगळ्या सूचना हे गृहीत धरून आहेत.

१. महिना ठरवा

मे आणि जून हे सगळ्यात चांगले महिने. पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवसांत पाऊस तुलनेनं कमी असतो, जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, जवळच्या स्टाफा बेटावर पफिन पक्षी असतात आणि आयोनाच्या शेतांतून कॉर्नक्रेक हा पक्षी ओरडत असतो. जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमधल्या शाळांना सुट्टी असते. गर्दी वाढते, दर वाढतात. सप्टेंबर शांत आणि चांगला, पण वारा वाढायला लागतो. ऑक्टोबर संपला की बरीच हॉटेलं बंद होतात, बस आणि बोटी कमी होतात आणि डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा विचार असेल तर बंद दारं आणि रद्द झालेल्या बोटी यांची तयारी ठेवा. मुलांच्या मेच्या सुट्टीत जमत असेल तर तेच उत्तम.

२. मुक्काम आधी, बाकी सगळं नंतर

आपण सवयीनं आधी विमानाचं तिकीट बघतो. इथे क्रम उलटा ठेवा. बेटावर दोन हॉटेलं, उत्तर टोकाला एक वसतिगृह आणि थोडी घरगुती राहण्याची सोय, एवढाच कारभार आहे. मे ते ऑगस्टच्या खोल्या कित्येक महिने आधी जातात. म्हणून:

- आधी बेटावरच्या खोलीची तारीख पक्की करा.
- मग त्या तारखेला धरून ओबन ते मल बोट.
- मग ट्रेन आणि त्यानंतर विमान.

यात दोन फसगती होतात. पहिली: बुकिंगच्या संकेतस्थळांवर 'आयोना' शोधलं की मल बेटावरच्या फिनाफोर्ट गावातल्या खोल्याही यादीत येतात. गाव वाईट नाही, पण ते पाण्याच्या अलीकडे आहे आणि शेवटची बोट संध्याकाळी लवकरच असते. नकाशावर खोली नेमकी कुठे आहे ते बघूनच पैसे भरा. दुसरी: काही ठिकाणी किमान दोन किंवा तीन रात्रींची अट असते आणि रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा हातात नसताना अशा खोलीचे पैसे भरू नका. थेट ईमेल करून "व्हिसा मिळेपर्यंत खोली राखून ठेवता येईल का" असं विचारा. लहान ठिकाणचे लोक बहुधा उत्तर देतात.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग सोडून द्यावा. भारतीय पासपोर्टवर भारतातून येणाऱ्यांना स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकरांना व्हिसा लागत नाही, पण ईटीए ही आगाऊ परवानगी ऑनलाइन काढावी लागते.

अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा, मग बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी व्हीएफएस या व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे केंद्र आहे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर जास्त वेळ धरा. सोबत काय ठेवाल:

- पासपोर्ट, जुने पासपोर्ट असतील तर तेही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- नोकरीचं पत्र आणि रजेची मंजुरी. व्यवसाय असेल तर नोंदणीची कागदपत्रं
- आयकर विवरणपत्रं
- दिवसवार प्रवासाचा आराखडा आणि मुक्कामाची कच्ची आरक्षणं
- मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर

शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. सातबारा, घरपट्टीची पावती, मराठीतला विवाहाचा दाखला असं काही जोडणार असाल तर भाषांतराशिवाय त्याचा उपयोग नाही. आणि अर्जाच्या आधी खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली याचा कागद नसेल तर अर्ज नाकारला जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

परत न मिळणारं विमानाचं तिकीट व्हिसा येईपर्यंत काढू नका. प्रवास विमा मात्र घ्या: परदेशी पर्यटकाला रुग्णालयातल्या उपचारांचे पैसे भरावे लागतात. विमा घेताना 'बोट किंवा विमान रद्द झाल्यास' हे कलम आहे का ते बघा. या सहलीत त्याची गरज पडू शकते.

४. ग्लासगो ते आयोना: चार टप्पे

विमान दुपारी उतरलं तरी त्याच दिवशी पुढे निघायचा अट्टहास करू नका. रात्र ग्लासगोत काढा, सकाळची गाडी पकडा.

पहिला टप्पा, ग्लासगो ते ओबन. ट्रेननं तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. गाडी क्वीन स्ट्रीट स्थानकातून सुटते, सेंट्रलमधून नाही. लंडनहून ट्रेननं आलात तर तुम्ही सेंट्रलला उतरता. तिथून क्वीन स्ट्रीट दहा मिनिटं चालत. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची: या मार्गावरच्या काही गाड्या क्रियनलारिच स्थानकात दोन भागांत विभागल्या जातात. एक भाग ओबनला जातो, दुसरा फोर्ट विल्यम आणि मालेगकडे. चढताना डब्यावरची पाटी बघा, फलाटावरच्या माणसाला विचारा, आणि गाडीतली घोषणा ऐका. चुकीच्या डब्यात बसून राहिलात तर दिवस गेला. ट्रेन नको असेल तर ब्यूकॅनन बस स्थानकातून ओबनची बसही आहे.

दुसरा टप्पा, ओबन ते मल बेटावरचं क्रेगन्यूर. ओबन स्थानकातून बाहेर पडलं की बोटीचा धक्का समोरच, दोन-तीन मिनिटांवर. बोट कॅलेडोनियन मॅकब्रेन कंपनीची. तिकडे सगळे 'कॅलमॅक' म्हणतात. प्रवास साधारण ५० मिनिटांचा. पायी प्रवाशांनीही तिकीट ऑनलाइन आधी काढलेलं बरं. तिकिटावर दिलेल्या वेळेआधी पोहोचा. दार बंद झालं की ते कुणासाठी उघडत नाहीत. ट्रेन आणि बोट यांच्यात किमान ४५ मिनिटं ठेवा. कंपनीचं ॲप फोनवर घ्या, त्यात प्रत्येक मार्गाची त्या दिवसाची स्थिती दिसते. आदल्या रात्री आणि सकाळी उठल्यावर ती बघायचीच.

तिसरा टप्पा, क्रेगन्यूर ते फिनाफोर्ट. अंतर ६० किलोमीटर, वेळ सव्वा तास, बस क्रमांक ९६. गावाच्या नावात 'पीएच' ही अक्षरं येतात, त्यामुळे पाटी वाचताना गोंधळू नका. बसच्या वेळा बोटीशी जुळवलेल्या असतात, पण सगळ्या बोटींशी नाही. रविवारी आणि हिवाळ्यात फेऱ्या फारच कमी. म्हणून बोटीचं तिकीट काढण्याआधी बसचं वेळापत्रक उघडून बघा आणि बस असलेलीच बोट घ्या. बोटीतून उतरल्यावर आधी बस गाठा, फोटो नंतर. मलमध्ये टॅक्सी मोजक्या आहेत. बस चुकल्यावर ऐनवेळी एखादी मिळेल या भरवशावर राहू नका.

रस्ता ग्लेन मोर खोऱ्यातून आणि पुढे स्क्रिडन खाडीच्या काठानं जातो. उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. खाडी बराच वेळ त्याच बाजूला राहते आणि पलीकडे ९६६ मीटर उंचीचा बेन मोर दिसतो.

चौथा टप्पा, फिनाफोर्ट ते आयोना. दहा मिनिटं. इथे आरक्षण नसतं, रांगेत उभं राहायचं. धक्का म्हणजे पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार आहे. बोट त्याला तोंड लावते आणि फळी खाली पडते. लाट आली की उतारावर पाणी चढतं. बोटीवरच्या माणसाने हात केल्याशिवाय पुढे जाऊ नका, मुलांचा हात धरा, आणि ओल्या शेवाळावरून चालताना चाकांची बॅग ओढू नका, उचला. ज्येष्ठांना हा उतार अवघड वाटतो. आधी सांगितलं तर कर्मचारी मदत करतात.

नैर्ऋत्येचा वारा जोरात असेल तर ही छोटी बोट थांबते. त्याला इलाज नाही. म्हणूनच आयोनाच्या मागेपुढे एकेक दिवस मोकळा ठेवायचा.

५. गाडीनं जाणार असाल तर

पर्यटकांची गाडी आयोनावर नेता येत नाही. ती फिनाफोर्टच्या वाहनतळावर ठेवायची. बेटावर गाडीची गरजही पडत नाही. मल फिरायचं असेल तरच गाडी घ्या. भारतीय वाहन परवान्यावर पाहुण्यांना बारा महिने गाडी चालवता येते, पण काही भाड्याच्या कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, आणि काही बोटीवरून गाडी न्यायला मनाई करतात. दोन्ही आधी विचारून घ्या. ओबन-क्रेगन्यूर बोटीवर गाडीची जागा उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आधी भरते.

मलवरचा बराचसा रस्ता एकाच गाडीपुरता रुंद आहे, आणि वाहतूक दोन्ही दिशांनी असते. ठरावीक अंतरावर 'पासिंग प्लेस' अशी पाटी असलेला फुगवटा येतो. समोरून गाडी दिसली आणि फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरा. उजव्या हाताला असेल तर आत जाऊ नका, त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा त्यात वळेल. मागून कुणी आलं तर त्यालाही असंच पुढे जाऊ द्या: ती बस असू शकते, किंवा बोट गाठायला निघालेला स्थानिक. फोटो काढायला फुगवट्यात गाडी उभी करणं ही पर्यटकांबद्दलची तिथली सगळ्यात मोठी तक्रार आहे. रस्त्यावर मेंढ्या बसलेल्या असतात, हॉर्न वाजवून उठत नाहीत. पेट्रोल ओबनलाच भरून घ्या.

६. सामानात काय

छत्री घरी ठेवा. वारा ती पहिल्या तासात मोडतो. त्याऐवजी टोपी असलेलं, खरंच जलरोधक जाकीट आणि वरून घालायची जलरोधक पँट. आत पातळ थर: सुती नाही, लोकरीचे किंवा लवकर वाळणारे. जुलैतही दिवसा १५-१६ अंश असतात आणि वारा धरला तर त्याहून थंड वाटतं. घोट्यापर्यंत येणारे, पाणी न शिरणारे बूट हवेतच. बेटाचा दक्षिण भाग दलदलीचा आहे. मोज्यांचे जास्तीचे जोड घ्या.

बारीकसारीक पण लागणारं:

- तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश ॲडॉप्टर
- ऑर्डनन्स सर्व्हेचा ३७३ क्रमांकाचा नकाशा, किंवा फोनवर आधी उतरवून ठेवलेला. नेटवर्क कुठेही जातं
- थोडे रोख पौंड, कारण बेटावर बँकेची शाखा नाही
- रोजची औषधं आणि त्यांचं प्रिस्क्रिप्शन. बेटावर औषधांचं दुकान नाही
- मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांसाठी मलम. आयोनावर वाऱ्यामुळे त्या कमी असतात, मलवर संध्याकाळी वारा पडला की सुटका नाही
- टिक म्हणजे गोचीड काढायचा चिमटा. गवतातून चालून आल्यावर पायांच्या मागे, गुडघ्याच्या लवणीत बघा. गोचिडीतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो

बॅग लहान ठेवा. एका दिवसात ती चार वेळा चढवायची-उतरवायची आहे. हॉटेलला आधी कळवलं तर धक्क्यावरून सामान न्यायची सोय होते का, हेही विचारून ठेवा.

७. खाणं, विशेषतः शाकाहारी असाल तर

बेटावर धक्क्याजवळ एक किराणा दुकान, एक रेस्टॉरंट आणि दोन्ही हॉटेलांची जेवणघरं आहेत. हॉटेलांच्या स्वतःच्या भाजीच्या बागा आहेत आणि शाकाहारी पदार्थ मिळतात. पण रात्रीच्या जेवणाचं टेबल सकाळीच सांगून ठेवा. पर्याय मोजकेच आहेत आणि आठनंतर काही मिळेल असं धरू नका.

विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा. सूप कशाच्या पाण्यात केलंय? 'स्कॉच ब्रॉथ' म्हटलं की बहुधा मटणाचं. बटाट्याचे चिप्स कशात तळलेत? काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. हॅगिस मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाचं असतं, पण त्याचा शाकाहारी प्रकार सगळीकडे ओळखीचा आहे आणि चांगला लागतो. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे.

घरून नेताना कस्टम्सचा नियम पाळा: भारतातून मांस आणि दूध, तसंच दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप नको. आंबे, ताजी भाजी आणि कढीपत्ताही नको. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे चालतात. वसतिगृहात राहणार असाल तर तिथल्या स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ शिजवता येतात. ते ग्लासगोत घ्या, बेटाच्या दुकानात हवी ती डाळ मिळेलच असं नाही.

८. पहिला दिवस: धक्क्यापासून मठापर्यंत

दुपारच्या बोटीनं पोहोचलात तर सामान टाका आणि लगेच मठाकडे धावू नका. त्या वेळी तिथे सगळे एकदिवसीय पर्यटक असतात. वाटेतल्या गोष्टी आधी बघा. मठ त्यांची परतीची वेळ झाल्यावर, म्हणजे बंद व्हायच्या आधीच्या दीड-दोन तासांत, किंवा दुसऱ्या दिवशी दार उघडताच.

धक्क्याच्या दक्षिणेला लागूनच छोटी वाळूची खाडी आहे: मार्टर्स बे. ८०६ मध्ये व्हायकिंगांनी मठातल्या ६८ जणांना मारलं, ते इथे, असं परंपरा सांगते. ७९५ पासून त्यांच्या धाडी सुरू होत्या. या हल्ल्यांनंतर मठातल्या बऱ्याच जणांनी आयर्लंडमधल्या केल्सला आसरा घेतला.

गावातून वर आलं की भिक्षुणींच्या मठाचे अवशेष लागतात. इ.स. १२०० च्या सुमाराचं हे बांधकाम, गुलाबी ग्रॅनाइटच्या भिंती, छप्पर नाही. तिकीट नाही, दार नाही, कधीही जा. पुढे रस्त्याच्या कडेला पंधराव्या शतकातला मॅक्लीनचा क्रूस उभा आहे.

मग रेलिग ओरन हे दफनस्थान आणि त्यातलं बाराव्या शतकातलं ओरनचं छोटं देवालय. १५४९ मधल्या एका वर्णनात इथे ४८ स्कॉटिश, ८ नॉर्वेजियन आणि ४ आयरिश राजे पुरले आहेत असं लिहिलंय. मॅकबेथही त्यांतला मानतात. त्यांतली एकही कबर आज ओळखता येत नाही, तेव्हा मॅकबेथचा दगड शोधत फिरू नका. १९९४ मध्ये वारलेले मजूर पक्षाचे नेते जॉन स्मिथ यांची कबर इथे आहे. हे गावाचं वापरातलं दफनस्थान आहे, दगडांवर बसू नका.

मठाचं तिकीट हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचं. एडिंबरा आणि स्टर्लिंगचे किल्लेही बघणार असाल तर त्याच संस्थेचा एक्सप्लोरर पास हिशेबात स्वस्त पडतो. आयोना त्यात येतं. वेळा हंगामानुसार बदलतात, संकेतस्थळावर बघूनच निघा. तिकिटासोबत ध्वनिमार्गदर्शक मिळतो का विचारा आणि घ्या.

दारापाशी पोहोचलात की इमारतीत शिरण्याआधी बाहेर अर्धा तास काढा. सेंट मार्टिनचा क्रूस आठव्या शतकापासून त्याच जागी उभा आहे. पश्चिमेच्या अंगाला मध्यभागी मेरी आणि बाळ येशू, खाली सिंहांमधला डॅनियल, मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहम, वाद्य वाजवणारा डेव्हिड. पूर्वेच्या अंगाला फुगीर गोळे आणि त्यांना विळखे घालणारे साप. कोरीव काम झिजलेलं आहे, भर दुपारी ते सपाट दिसतं. ऊन तिरपं असताना, संध्याकाळी पश्चिमेची बाजू आणि सकाळी पूर्वेची, आकृत्या सुट्या होऊन दिसतात. मुक्काम करायचं हेही एक कारण.

जवळच सेंट जॉनचा क्रूस आहे, तो १९७० मधली काँक्रीटची प्रतिकृती. खरा मठामागच्या संग्रहालयात, तुकडे जोडून उभा केलेला. त्याच्या आडव्या हातांचा पसारा दोन मीटरहून जास्त होता, वजन पेलेना, म्हणून नंतर आधाराला दगडी कडं बसवलं असं अभ्यासक मानतात. कडं असलेल्या अशा क्रुसांची सुरुवात कदाचित इथूनच झाली. संग्रहालय न बघता परत जाणारे बरेच असतात. इमारतीला वळसा घालून मागे जा, चुकवू नका.

मठासमोरचा खडकाळ उंचवटा म्हणजे टॉर अन आबा. कोलंबाची लिहायची झोपडी इथे होती असं म्हणतात. तिथे उत्खननात सापडलेल्या कोळशाची तपासणी २०१७ मध्ये जाहीर झाली आणि त्याचा काळ कोलंबाच्या हयातीशी जुळला. कोलंबा ५९७ मध्ये वारला.

आतलं चर्च आज जसं दिसतं ते बरंचसं जीर्णोद्धारातलं आहे, हे माहीत असू द्या. मध्ययुगीन मठ प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर ओसाड पडला. १८९९ मध्ये आर्गाइलच्या ड्यूकनं तो एका विश्वस्त संस्थेला दिला, १९०२ ते १९१० मध्ये चर्च उभं राहिलं, आणि १९३८ पासून धर्मोपदेशक जॉर्ज मॅक्लाउड यांनी ग्लासगोच्या गव्हन भागातले बेकार कारागीर आणि तरुण धर्मोपदेशक यांना बरोबर घेऊन राहण्याच्या इमारती बांधायला घेतल्या. ते काम १९६५ पर्यंत चाललं. त्यांनी तेव्हा स्थापलेली आयोना कम्युनिटी ही ख्रिस्ती संस्था आजही तिथे आहे. तिच्या प्रार्थनांना कुणालाही, कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता येतं, तिकीट लागत नाही. वेळ दाराजवळच्या फलकावर असते. फोन बंद ठेवा, फोटो काढू नका.

९. दुसरा दिवस: पायी

उत्तरेला डून ई ही टेकडी, १०१ मीटर. मठापुढे रस्त्यानं थोडं गेलं की डावीकडे पायवाट लागते. चढ अर्ध्या तासाचा, वाट ओली आणि घसरडी. स्वच्छ दिवशी वरून स्टाफा, मलचे डोंगर आणि दूर स्काय बेटापर्यंत दिसतं. उतरल्यावर उत्तर टोकाच्या पांढऱ्या वाळूकडे जा.

दक्षिणेला कोलंबाची खाडी, जिथे तो उतरला असं मानतात. धक्क्यापासून एका बाजूनं साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पण जाऊन-येऊन साडेतीन तास धरा. पश्चिमेच्या हिरव्या माळापर्यंत रस्ता चांगला आहे. माळावर गोल्फचं मैदान आहे, चेंडू कुठून येतोय ते बघत चाला. तिथून वाट वर चढते, एका लहान तळ्याच्या कडेनं जाते आणि चिखल सुरू होतो. धुकं उतरलं तर नकाशाशिवाय पुढे जाऊ नका. खाली गोट्यांचा किनारा आहे, त्यांत हिरवट, अर्धपारदर्शक दगड दिसतात. वाटेत पाणी किंवा खायला काही मिळत नाही.

शेताची फाटकं जशी सापडली तशी ठेवा: बंद असेल तर बंद. मे ते जुलैत उंच गवतात आणि पिवळ्या आयरिसच्या झुडपांत शिरू नका, कॉर्नक्रेक तिथे घरटी करतात. हा पक्षी ब्रिटनमध्ये आता मोजक्याच ठिकाणी उरलाय. दिसत सहसा नाही, पण रात्री त्याचं कर्कश 'क्रेक-क्रेक' खोलीत ऐकू येतं.

१०. स्टाफाची जोड

आयोना आणि फिनाफोर्टहून एप्रिल ते ऑक्टोबर छोट्या बोटी स्टाफाला नेतात. सगळं मिळून साधारण तीन तास, त्यातला तासभर बेटावर. पफिन एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर स्टाफाचे खांब ओळखीचे वाटतील: दोन्हीकडे लाव्हा थंड होताना आकसून बेसाल्टचे बहुकोनी स्तंभ झाले. इथे मात्र समुद्रानं त्यांत फिंगलची गुहा कोरली आहे. संगीतकार मेंडेल्सोन १८२९ मध्ये इथे आला होता.

बुकिंग करा, पण मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचं करा, म्हणजे समुद्र खवळलेला असेल तर दुसरा दिवस हाताशी राहतो. बोट निघाली तरी लाटांमुळे उतरवतीलच असं नाही. पैसे परत मिळतात का ते आधी विचारा. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

११. परतीचा दिवस

सकाळच्या बोटीनं निघा. फिनाफोर्टहून कोणती बस ओबनच्या कोणत्या बोटीला जोडून आहे ते आदल्या रात्री लिहून ठेवा. त्याच रात्रीचं विमान कधीही ठेवू नका. मध्ये ओबन किंवा ग्लासगोची एक रात्र हवीच. बोट रद्द झाली तर ॲपवरच्या सूचनेचा फोटो काढून ठेवा, विम्याच्या दाव्याला तोच पुरावा लागतो, आणि हॉटेलला लगेच सांगा, कारण अडकलेले बाकीचेही त्याच खोल्या शोधत असतात. तातडीच्या मदतीला ९९९, तब्येतीच्या साध्या सल्ल्याला १११.

हातात उरलेल्या स्कॉटिश बँकांच्या नोटा ग्लासगोतच खर्च करा किंवा तिथल्या बँकेत बदलून घ्या. लंडनमध्ये काही दुकानदार त्या घ्यायला कांकू करतात आणि आपल्याकडचे मनी चेंजर बहुधा घेतच नाहीत.